पुढच्या चाकामागचे सांधे

जालना जिल्ह्यातल्या गाडीला एकाच दिवशी दोन परीक्षा द्याव्या लागतात. सकाळी ती घनसावंगी किंवा मंठा तालुक्यातल्या एखाद्या पाणंद रस्त्यावर, उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्यांतून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हेलकावे खाते. दुपारी तीच गाडी समृद्धी महामार्गावर चढते आणि तिथे मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. पाणंद सांधे झिजवते आणि ती झीज उघडी पडते महामार्गावर. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीच्या पुढच्या सस्पेन्शनची दुरुस्ती समजून घ्यायची तर हे आधी लक्षात ठेवावे, कारण खडखडाट ऐकू येतो हळू चालताना आणि जीव धोक्यात येतो वेगात.

रस्त्यांच्या या अवस्थेचा दोष सगळा रस्ता बांधणाऱ्याचा नाही. इथली काळी माती दख्खनच्या बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून तयार झालेली आहे. तिच्यातली चिकणमाती पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. रस्त्याचा पायाच दरवर्षी असा वरखाली होत असेल, तर डांबराला लाटा येणारच. त्या लाटांचा प्रत्येक धक्का चाकातून वर चढतो. तो माणसापर्यंत पोहोचू द्यायचा नाही आणि चाकही जमिनीवरून सुटू द्यायचे नाही, ही दोन्ही कामे सस्पेन्शनने एकदम करायची असतात.

हे साधायला माणसाला फार काळ लागला. याच जिल्ह्यातल्या असईच्या रणांगणावर 23 सप्टेंबर 1803 रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीची फौज आणि शिंदे-भोसल्यांचे सैन्य भिडले, तेव्हा दोन्ही बाजूंच्या तोफगाड्यांना स्प्रिंग हा प्रकार नव्हता. आस थेट गाड्याला जखडलेला. नदीच्या उतारावर बसलेला प्रत्येक दणका लाकडाने आणि बैलांनी सोसायचा. त्यानंतर वर्ष-दोन वर्षांतच लंडनच्या ओबाडाया एलियटने पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगवर घोडागाडी तोलण्याचे पेटंट घेतले. दुसऱ्या महायुद्धातली विलिस जीप चारही चाकांवर तसल्याच पाट्यांवर उभी होती. युद्धानंतर महिंद्रांनी मुंबईत माझगावला ती जोडायला घेतली आणि पाट्यांची जीप आपल्या खेड्यांत पोहोचली. 1985 ची मारुती जिप्सीही पुढे-मागे पाट्यांवरच होती.

पाटा हा भाग दिसतो साधा, पण त्यातले पोलाद साधे नसते. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्यांत भंगार वितळवून बिलेट ओततात आणि रोलिंग मिलमध्ये त्याच्या सळया निघतात. सळईच्या पोलादात कार्बन कमी ठेवावा लागतो, कारण बांधकामावरच्या कारागिराने तिची रिंग वाकवली की ती वाकलेलीच राहायला हवी. पाट्याचे उलट: त्याने लाखो वेळा वाकून प्रत्येक वेळी मूळ जागी परत यायचे असते. म्हणून त्यात साधारण अर्धा टक्का किंवा थोडा जास्त कार्बन, जोडीला सिलिकॉन, मँगनीज किंवा क्रोमियम असते आणि ते तापवून, तेलात विझवून, पुन्हा ठरावीक तापमानाला पाणी दिलेले असते. हे पाणी म्हणजेच पाट्याचा प्राण. तुटलेला पाटा वेल्डिंग करून वापरला, किंवा बसलेल्या पाट्याला गॅसने तापवून कमान दिली, की तेवढ्या जागचे पाणी उतरते आणि पाटा तिथेच पुन्हा बसतो किंवा तुटतो. गावोगावचे लोहार मात्र हे पोलाद बरोबर ओळखून आहेत. गाडीतून निघालेल्या पाट्याचे ते कोयते आणि विळे करतात, आणि पाट्याच्या कोयत्याला ऊसतोडीत मान असतो.

पाटे बदलताना दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत, नाहीतर गाडी एका अंगाला झुकते. पाटे आसाला आवळणारे यू-बोल्ट नवेच घालावेत, कारण एकदा पूर्ण ताणून कसलेला बोल्ट पुन्हा तेवढी पकड देत नाही. काही शे किलोमीटर गाडी चालली की पाटे एकमेकांवर बसतात आणि बोल्ट सैल पडतात. तेव्हा ते पुन्हा कसून घ्यावेत. हे न केल्याने पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटतो आणि आस जागेवरून सरकतो.

आताच्या बहुतेक गाड्यांत पुढचे प्रत्येक चाक स्वतंत्र हलते. 2010 च्या थारमध्ये पुढे टॉर्शन बार होता. हा एक सरळ पोलादी दांडा. तो वाकत नाही, पिळला जातो, आणि त्या पिळातच गाडीचा भार पेलतो. दोन्ही बाजूंचे दांडे दिसायला सारखे असले तरी अदलाबदल करू नयेत. ज्या दिशेने पिळायचे त्या दिशेची घडण त्यांना कारखान्यातच मिळालेली असते. 2020 च्या थारमध्ये त्यांच्या जागी, चाक धरणाऱ्या वर-खालच्या दोन आर्मच्या मध्ये, कॉइल स्प्रिंग आली. ही दाबलेली स्प्रिंग योग्य साधनाशिवाय उघडणे म्हणजे अपघाताला बोलावणे. एवढ्यापुरते तरी घरच्या घरी धाडस करू नये.

या रचनेत मला सगळ्यात नवल वाटते ते दोन लहान भागांचे. पहिला बॉल जॉइंट: वाटीत बसवलेला, अडीच-तीन सेंटिमीटर व्यासाचा कडक पोलादाचा गोळा. चाक वर-खाली होते आणि त्याच वेळी डावी-उजवीकडे वळते, या दोन्ही हालचाली तो एकटा होऊ देतो. सुमारे 1,800 किलोची गाडी धरली तर पुढच्या एकेका चाकावर नुसते उभे असताना साडेचारशे किलोच्या आसपास भार येतो, आणि खड्ड्यात तो कितीतरी पट होतो. पूर्वी यातले वळू देण्याचे काम किंग पिन करीत. अमेरिकेत 1952 च्या लिंकन मोटारीने पुढच्या सस्पेन्शनला बॉल जॉइंट लावले आणि नंतर ते जगभर पसरले. गोळ्यावरचा रबरी बूट फाटला की मात्र सगळे संपते. काळ्या मातीचा चिखल आत शिरतो, ग्रीस आणि माती मिळून पॉलिश पेपरचे काम करतात. झिजून सैल झालेला गोळा एक दिवस वाटीतून निसटतो, चाक आडवे पडते आणि गाडीचा आर्म डांबरावर टेकतो.

दुसरा भाग बुश. लोखंडी दोन नळ्यांच्या मध्ये चिकटवलेले रबर, बस. आर्म वर-खाली होतो तेव्हा बुश बिजागरीसारखा फिरत असेल असे वाटते; प्रत्यक्षात नळ्या जखडलेल्या असतात आणि मधले रबरच पिळले जाते. म्हणूनच त्याला तेल लागत नाही. उलट तेलाने रबर फुगते आणि कुजते. इथेच बऱ्याच दुरुस्त्या फसतात. मेकॅनिक गाडी जॅकवर असताना, चाक लटकत असतानाच बोल्ट पूर्ण कसतो. गाडी खाली आली की रबर कायमचे पिळलेले राहते आणि नवा बुश काही महिन्यांत फाटतो. बोल्ट आधी हलकेच लावावा आणि गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच शेवटचा कस द्यावा. पैसे न लागणारी एवढी मोठी सुधारणा गॅरेजमध्ये दुसरी नसेल.

झीज ओळखणे हाताने जमते. स्प्रिंग खालच्या आर्मवर टेकलेली असेल तर जॅक त्याच आर्मखाली लावावा, म्हणजे खालचा बॉल जॉइंट मोकळा होतो. जॅक चासीला लावला तर भारामुळे प्ले, म्हणजे सांध्यातला सैलपणा, लपतो. चाक वर आणि खाली धरून हलवावे, प्ले लागला की दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगावे. प्ले नाहीसा झाला तर बेअरिंग सैल, तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा किंग पिन. डावी-उजवीकडे धरून हलवताना प्ले लागला तर स्टेअरिंगचा टाय रॉड एंड बघावा. टायर एका कडेने खात असेल, ब्रेक मारताच गाडी ओढत असेल किंवा ठरावीक वेगाला स्टेअरिंग थरथरत असेल, तर हे करायला उशीर झाला आहे असे समजावे.

फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये पुढच्या चाकांना वळायचेही असते आणि ओढायचेही. त्यामुळे एक्सलच्या सांध्यावरचे बूट आणि जुन्या जीपमध्ये वळणाच्या गोल घरावरचे नमद्याचे सील याच कामात तपासून घ्यावेत. चिखलातून गेलेल्या जुन्या जीपच्या त्या घरात पाणी शिरलेले असते आणि ग्रीसचा रंग बदललेला दिसतो. गाडी उंच करण्याचे किट बसवण्याची हौस आता सगळीकडे आहे. उंची वाढली की सांध्यांचे कोन वाढतात आणि बॉल जॉइंट, बूट दोन्ही लवकर जातात. जिल्ह्याच्या रस्त्यांना त्या उंचीची गरज क्वचितच पडते.

आर्म, बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड यांपैकी काहीही बदलले की अलाइनमेंट करून घेतलेच पाहिजे. टो-इन, म्हणजे चाकांचा पुढच्या बाजूने आत वळलेला कल, काही मिलिमीटर चुकला तरी चाक रस्त्यावर घासत जाते आणि नवे टायर थोडक्या दिवसांत कडेने गुळगुळीत होते. गाडी गॅरेजमधून घेताना अलाइनमेंटचा छापील कागद आणि काढलेले जुने भाग दोन्ही मागून घ्या. जुना बॉल जॉइंट हातात धरून त्याची पिन हलवून बघा. ती घट्ट असेल, तर तो भाग का बदलला हे पैसे देण्याआधी विचारा.