क्ष-किरणांजवळ काम करणाऱ्यांनी स्वतःला जपावे

घरातील वडीलधाऱ्यांची अँजिओप्लास्टी सुखरूप पार पडली की आपण डॉक्टरांचे आभार मानतो. परंतु त्या खोलीत उभ्या असलेल्या नर्स व तंत्रज्ञांना रोज कोणता धोका पत्करावा लागतो, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. आपल्या कुटुंबातील कोणी मुलगा-मुलगी या पेशात असेल, तर हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

राँटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधले, तेव्हा त्यांचे दुष्परिणाम कोणालाच ठाऊक नव्हते. एडिसन यांचे मदतनीस क्लॅरेन्स डॅली या किरणांवर सतत प्रयोग करीत. त्यांना कर्करोग झाला, हात कापावे लागले आणि १९०४ साली त्यांचे निधन झाले.

आज यंत्रे सुधारली आहेत. तरी किरणांचा स्वभाव तोच आहे. रुग्णाच्या शरीरावर पडलेले किरण चहूकडे विखुरतात. रुग्णाला ते क्वचित सोसावे लागतात, कर्मचाऱ्यांना मात्र रोज. थेंबे थेंबे तळे साचावे, तसा त्यांचा परिणाम वर्षानुवर्षे साचतो. डोळ्यांत अकाली मोतीबिंदू होऊ शकतो. म्हणूनच २०११ साली आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने डोळ्यांसाठीची वार्षिक मर्यादा १५० वरून २० मिलिसीव्हर्टवर आणली. ही पाच वर्षांची सरासरी असून कोणत्याही एका वर्षी ती ५० च्या वर जाता कामा नये.

बचावाची सूत्रे तीन: वेळ, अंतर आणि आडोसा. गरजेपुरतेच किरण सोडावेत. अंतर दुप्पट केले की मात्रा सुमारे चौथाईवर येते; म्हणून हातचे काम संपताच दोन पावले मागे सरावे. एप्रन धड झाकतो, डोळे व गळा नाही. त्यासाठी शिशाचा चष्मा, गळपट्टा आणि छताला टांगलेला काचेचा पडदा वापरावा. एप्रन घडी न घालता टांगून ठेवावा, नाहीतर आत चिरा पडतात. दिवस गेल्याचे कळताच वरिष्ठांना सांगावे.

मात्रा मोजणारा बॅज किरण अडवीत नाही, तो केवळ हिशेब ठेवतो. पण तो खणात पडून राहिला, तर हिशेब कमी दिसतो आणि धोका तेवढाच राहतो. म्हणून घरच्यांनी ड्युटीवर निघताना एवढेच विचारावे: "बाळ, बॅज घेतलास ना?"