सल्ला विचारण्यापूर्वी

कोणतेही नवे काम आरंभण्यापूर्वी जाणत्याचा सल्ला घ्यावा, हा उपदेश आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेला आहे. परंतु सल्ला विचारावा कसा, हे मात्र सहसा कोणी शिकवीत नाही. वर्षातून एकदोन वेळा तरी प्रत्येक कुटुंबात तसा प्रसंग येतो. मृगाच्या तोंडी अंगणात कोणते झाड लावावे, अथवा चार पैसे शिल्लक पडले असता घरात कोणते यंत्र आणावे, असा प्रश्न निघतो. मग शेजारी, सोयरे, दुकानदार यांजकडे विचारपूस होते आणि कोणी तरी ठामपणे सांगितले म्हणजे आपण निश्चिंत होतो. आम्हीही असेच निश्चिंत झालो होतो. त्याची हकीगत प्रथम सांगतो. तीत आमचे हसे झाले असले तरी आमच्या विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना तिचा उपयोग होईल.

आमच्या मातोश्रींचे हात संधिवाताने आखडू लागले, तेव्हा त्यांना धुण्याच्या कष्टांतून सोडवावे असे आम्ही ठरविले. आमच्या एका स्नेह्यांच्या घरी कपडे धुण्याचे पूर्ण स्वयंचलित यंत्र होते. त्यांनी त्याची मनापासून शिफारस केली व आम्ही हप्त्याने तसेच यंत्र घेतले. त्याच सुमारास त्यांनी आपल्या रत्नागिरीकडील घरून अनंताचे एक टवटवीत रोपही आम्हांस आणून दिले. मातोश्रींना अनंताच्या शुभ्र फुलांचा फार सोस. म्हणून ते आम्ही त्यांच्या खिडकीखाली लावले.

पहिल्याच दिवशी यंत्र अर्ध्यावर थांबले. दार आतून बंद, आत ओले कपडे, आणि बाहेर आम्ही माहितीपत्रकाची पाने उलटीत उभे! आमच्या गावात नळाला दिवसाआड पहाटे तासभर पाणी येते व ते जमिनीवरील हौदात साठवावे लागते. यंत्राला तर धुण्यास व पुन्हा खळबळण्यास वेळोवेळी दाबाचे पाणी हवे. आमच्या स्नेह्यांच्या गच्चीवर टाकी होती; आमच्या घरी ती नव्हती. इकडे अनंताची कोवळी पाने पिवळी पडू लागली. शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. झाड तहानले असेल असे समजून आम्ही पाणी वाढविले, तो ते अधिकच खंगले.

येथे दोष कोणाचा? स्नेह्यांनी जे सांगितले ते खोटे नव्हते. त्यांचे यंत्र त्यांच्या घरी उत्तम चालत होते व त्यांचे अनंत त्यांच्या वाडीत बहरत होते. त्यांचा सल्ला त्यांच्या घरापुरता खरा होता. आमचे घर कसे आहे, हे आम्ही त्यांस सांगितलेच नव्हते. किंबहुना ते आम्हांलाच नीट ठाऊक नव्हते. तात्पर्य, सल्ला मागण्यापूर्वी स्वतःच्या घराची व जमिनीची माहिती आपण करून घेतली पाहिजे.

प्रथम झाडांचा विचार करू. कोकणातील जांभ्या खडकाची तांबडी माती आम्लधर्मी असते व तीतून पाण्याचा निचरा लवकर होतो. देशावरील काळी माती काळ्या कातळापासून झालेली. तीत पुष्कळ ठिकाणी चुनखडी असते व ती पाणी फार काळ धरून ठेवते. अनंताला आम्ल माती मानवते. चुनखडीच्या मातीत लोह असूनही झाडाच्या मुळांना ते शोषून घेता येत नाही, म्हणून नवी पाने पिवळी पडतात. त्यातच पाणी साचले की मुळांना हवाही मिळेनाशी होते. म्हणजे आम्ही ज्याला औषध समजत होतो, तेच दुखणे वाढवीत होते. महाराष्ट्रात राहुरी, दापोली, अकोला व परभणी अशी चार कृषी विद्यापीठे निरनिराळ्या विभागांसाठी स्थापिली गेली, यावरूनच हे उघड होते की एका प्रांतातही सर्वांना एकच सल्ला पुरत नाही.

जमिनीची परीक्षा मुलांनाही करता येते. अंगणात हातभर खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा. ते पाणी जिरल्यावर पुन्हा भरावा व किती वेळात ओसरते ते पाहावे. दुसऱ्या दिवशीही त्यात पाणी दिसले तर निचरा वाईट आहे असे जाणावे. वाळलेल्या मातीच्या चिमटीवर थोडा शिरका टाकावा. फसफसून बुडबुडे आले तर मातीत चुना आहे. सकाळी आठ, दुपारी बारा व सायंकाळी चार वाजता ऊन कोठवर येते त्याच्या खुणा कराव्या. मोगऱ्याला दिवसाचे पाच-सहा तास ऊन न मिळाले तर पाने पुष्कळ येतात, परंतु कळ्या थोड्या येतात. उलटपक्षी अळूला मोरीजवळची ओल व सावली चालते. चुनखडीच्या जमिनीत डाळिंब व सीताफळ तग धरतात. पपईत नर व मादी झाडे बहुधा वेगळी असतात. म्हणून एकच रोप लावून फळाची खात्री बाळगता येत नाही.

रोप आज केवढे आहे हे पाहण्यापेक्षा झाड पुढे केवढे होईल हे विचारावे. वड, पिंपळ व उंबर यांची मुळे भिंतींच्या व नळांच्या फटींत शिरतात. अशी झाडे मोकळ्या माळावर शोभतात, घराच्या जोत्याशी नव्हेत. तसेच, घरात लहान मुले असतील तर झाड विषारी आहे काय, हा प्रश्न सर्वांआधी विचारावा. कण्हेरीचे सर्व भाग विषारी आहेत. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्यांनी मुले खेळतात, परंतु त्यांतील बी पोटात गेल्यास हृदयाची क्रिया बिघडून जीवावर बेतते. दिवाणखान्यात ठेवल्या जाणाऱ्या डिफेनबाकियाचे पान चावले तर तोंडाची आग होऊन जीभ सुजते.

झाडाचा परिणाम आपल्या कुंपणापाशी थांबत नाही, हेही ध्यानात ठेवावे. घाणेरी ही मूळची अमेरिकेतील; रंगीत फुलांसाठी ती बागेत आणली गेली व आज तिने भारतातील अरण्ये व्यापली आहेत. जलपर्णीही तिच्या जांभळ्या फुलांमुळे दक्षिण अमेरिकेतून देशोदेशी नेली गेली. पुण्याजवळील पवना नदीत तिचे थर काढता काढता माणसे थकतात. ज्यांनी ही झाडे प्रथम लावली त्यांचा हेतू वाईट नव्हता. फूल सुंदर आहे काय, एवढेच त्यांनी विचारले असावे; ते बाहेर गेले तर काय होईल, हे विचारले नाही.

आता यंत्रांकडे वळू. येथेही पहिली परीक्षा घरच्या घरी होते. धुण्याच्या यंत्राच्या माहितीपत्रकात पाण्याचा किमान दाब दिलेला असतो. टाकीतील पाण्याची पातळी नळापेक्षा दहा मीटर उंच असेल तर सुमारे एक बार दाब मिळतो. उंची निम्मी असेल तर दाबही निम्मा. ज्या घरी टाकीच नाही, त्या घरी बादलीने पाणी ओतता येणारे अर्धस्वयंचलित यंत्र कमी किमतीचे असूनही अधिक उपयोगी ठरते.

दुसरी गोष्ट विजेच्या खर्चाची. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. हे त्रैराशिक आमच्या पाचवीच्या मुलासही सोडविता येईल. ७५ वॅटचा छताचा पंखा रोज बारा तास फिरला तर तीस दिवसांत २७ युनिट लागतात. बीएलडीसी नावाने विकला जाणारा ३० वॅटचा पंखा त्याच कामास सुमारे ११ युनिट घेतो. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यान्वये ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला व त्याने २००६ साली उपकरणांवर ताऱ्यांची पट्टी लावण्याची योजना सुरू केली. तारे अधिक तितकी विजेची बचत अधिक, हे खरे. परंतु ही तुलना सारख्या आकाराच्या वस्तूंतच करावी. मोठा पंचतारांकित फ्रिज लहान त्रितारांकित फ्रिजपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. कसोट्या वेळोवेळी कडक केल्या जात असल्याने पट्टीवरील सालही पाहावे. ताऱ्यांबरोबर वार्षिक युनिटांचा आकडा छापलेला असतो. आम्ही तो आकडाच आधी वाचतो.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. दोन हजार वॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे पावणेनऊ अँपिअर प्रवाह घेतो; म्हणून तो सहा अँपिअरच्या लहान प्लगपेटीत कदापि लावू नये, त्यास सोळा अँपिअरची जोडणी हवी. प्लगची तिसरी, लांब व जाड पिन भूमिजोडणीसाठी असते. पेटीत बसत नाही म्हणून ती कापणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. यंत्राच्या पत्र्यात वीज उतरली असता तिला जमिनीकडे जाण्याची वाट हीच पिन देते. ती वाट बंद केली की वीज हात लावणाऱ्याच्या अंगातून वाट काढते.

असो. ही सर्व माहिती एका कागदावर उतरवून मग सल्ला विचारावयास जावे. “कोणते यंत्र चांगले?” असे न विचारता, “आमच्या घरी माणसे पाच, पाणी दिवसाआड एक तास, टाकी नाही, जागा दोन हात रुंद. तर कोणते यंत्र योग्य?” असे विचारावे. सांगणाऱ्यास, “आपणांस याचा काय त्रास झाला?” हेही विचारावे, कारण स्तुती न मागता मिळते, अडचणी मात्र विचारल्यावाचून कळत नाहीत. आणि सल्ला देण्याची पाळी आपली असेल तर उत्तरापूर्वी दोन प्रश्न आपण विचारावेत.

आमच्या यंत्राचे पुढे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. ते आम्ही तोटा सोसून विकले व साधे यंत्र आणले. अनंत आता तांबड्या मातीच्या व पालापाचोळ्याच्या खताच्या कुंडीत आहे. गेल्या पावसाळ्यात त्यास सात फुले आली. पहिले यंत्र घरातून निघाले त्या दिवशी मातोश्री ओट्यावर बसून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “अरे, दिवसा आपल्या नळाला पाणी असते कोठे? मला विचारले असतेस तर मी सांगितले असते.” आम्ही मान खाली घातली. साऱ्या गावास आम्ही सल्ला विचारला होता. ज्यांच्या हातांसाठी हा सर्व खटाटोप, त्यांना मात्र एक शब्दही विचारला नव्हता. तेव्हा विद्यार्थिमित्रहो, तुमच्या घरी असा विचार निघेल तेव्हा तुमचा कागद घेऊन प्रथम स्वयंपाकघरात जा, आणि मग बाजारात.