टीव्ही घेण्याआधी खोली मोजा

दसरा-दिवाळीच्या सुमारास टीव्हीच्या दुकानात शिरले, की भिंतभर पडदे एकदम झगमगताना दिसतात. प्रत्येकावर तेच निळेशार समुद्र, लालभडक पक्षी आणि रसाळ फळांचे काप. दुकानातले दिवे प्रखर असतात, म्हणून टीव्हीचा उजेडही पूर्ण चढवलेला असतो. विक्रेता इंच सांगतो, फोर-के सांगतो आणि मासिक हप्ता सांगतो. घरातल्या मुलाला टीव्हीला गेमिंग कन्सोल जोडायचा असतो, आईला कधीमधी लॅपटॉप जोडून ऑफिसचे काम करायचे असते आणि आजीला संध्याकाळची मालिका चुकवायची नसते. टीव्ही मात्र एकच येणार असतो. इतक्या पैशांचा निर्णय बऱ्याचदा चित्र किती झगझगीत दिसते यावरून होतो. मग घरी काही दिवसांनी कुणाचे डोके दुखते, कुणाचे डोळे चुरचुरतात, कुणाची मान आखडते.

दोष सरसकट ‘स्क्रीन’ला दिला जातो. पण मालिका पाहणे, गेम खेळणे आणि संगणकाचे काम करणे ही डोळ्यांसाठी तीन वेगळी कामे आहेत. मालिका लांबून, सैल बसून पाहिली जाते. गेम खेळताना नजर एकटक असते आणि हात व डोळे यांचा मेळ क्षणाक्षणाला जुळवावा लागतो. संगणकावर बारीक अक्षरे वाचायची असतात. या तिन्हींना पुरेल असा टीव्ही मिळू शकतो, फक्त त्याची निवड दुकानात नव्हे तर घरातल्या हॉलमध्ये सुरू व्हायला हवी.

आधी फूट, मग इंच

निरोगी डोळा एक मीटर अंतरावरून साधारण ०.३ मिलिमीटर अंतरावरचे दोन ठिपके वेगवेगळे ओळखू शकतो. ठिपके त्याहून जवळ असतील, तर ते एकमेकांत मिसळून दिसतात. ५५ इंची टीव्हीचा पडदा सुमारे १२२ सेंटिमीटर रुंद असतो. फोर-के म्हणजे या रुंदीत ३,८४० ठिपके, म्हणजे एक ठिपका ०.३२ मिलिमीटरचा. तो सुटा दिसायला पडद्यापासून जेमतेम एक मीटरवर बसावे लागेल. फुल एचडीमध्ये ठिपके निम्मे, म्हणजे १,९२० असतात. तेही सव्वादोन मीटरच्या पलीकडून एकसंध दिसू लागतात. म्हणजे आठ-नऊ फुटांवरून पाहणाऱ्याला ५५ इंचांवर फोर-के आणि फुल एचडी यांतला बारकाव्याचा फरक फारसा कळणार नाही. जवळ बसून गेम खेळणाऱ्याला आणि अक्षरे वाचणाऱ्याला तो कळेल.

आकार ठरवण्याचा एक जुना, सोपा हिशेब आहे. आरामात पाहायचे असेल तर पडद्याच्या कर्णाच्या सुमारे १.६ पट अंतरावर बसावे. ४३ इंचांसाठी हे अंतर पावणेसहा फूट येते, ५५ इंचांसाठी सव्वासात फूट आणि ६५ इंचांसाठी पावणेनऊ फूट. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधला हॉल अनेकदा दहा फूट रुंदीचा असतो. सोफ्याची खोली आणि टीव्हीची जागा वजा केली, तर डोळे आणि पडदा यांच्यात सात-सव्वासात फूट उरतात. तिथे ५५ इंच बरोबर बसतो. ६५ इंच भिंतीवर मावेल, पण नजरेत मावणार नाही.

गेम खेळणारे जरा पुढे सरकून बसतात. कर्णाच्या १.२ पट, म्हणजे ५५ इंचांसाठी साडेपाच फुटांपर्यंत ते चालून जाते. त्याहून जवळ बसले तर पडदा नजरेचा मोठा भाग व्यापतो. गाडी पळवण्याच्या किंवा धावत नेम धरण्याच्या खेळात डोळे सांगतात की आपण वेगाने चाललो आहोत, आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव सांगतो की आपण जागेवर बसलो आहोत. या विसंगतीतून काहींना घाटात बस लागल्यासारखी मळमळ आणि चक्कर येते. यावर पहिला उपाय म्हणजे खुर्ची मागे घेणे.

जवळून पाहिल्याने डोळे बिघडतात?

‘टीव्हीला नाक लावून बसू नकोस’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येते. या भीतीमागे एक खरी घटनाही आहे. १९६७ मध्ये अमेरिकेत एका कंपनीच्या काही रंगीत टीव्हींमधून प्रमाणापेक्षा जास्त क्ष-किरण बाहेर पडत असल्याचे उघड झाले आणि पुढच्याच वर्षी तिथे किरणोत्सर्गाविषयीचा कायदा आला. ते टीव्ही काचेच्या नळीचे होते. आजच्या एलईडी किंवा ओएलईडी पडद्यात क्ष-किरण तयार होण्याची सोयच नाही.

लहान मुलांमध्ये जवळची वस्तू पाहत राहण्याचा आणि लघुदृष्टीचा, म्हणजे लांबचे अंधूक दिसण्याचा संबंध मात्र अनेक अभ्यासांत दिसला आहे. पण त्यात टीव्हीपेक्षा हातातला मोबाइल अधिक काळजीचा. पाव मीटरवरचा मोबाइल पाहताना डोळ्याच्या भिंगाला चार डायॉप्टर इतका जोर लावावा लागतो, तर दोन मीटरवरच्या टीव्हीसाठी अर्धा डायॉप्टर पुरतो. त्यामुळे मोबाइलवर खेळण्यापेक्षा तोच खेळ भिंतीवरच्या टीव्हीवर खेळणे डोळ्यांना हलके जाते. उलट मूल सतत टीव्हीजवळ सरकत असेल, तर रागावण्याआधी त्याचे डोळे तपासून घ्यावेत. लांबचे दिसत नसल्यानेही ते पुढे सरकत असेल. लघुदृष्टीला आळा घालणारी सर्वांत भरवशाची गोष्ट म्हणजे दिवसाउजेडी बाहेर खेळणे. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटे घराबाहेर काढण्याची मोहीम चालवली ती याचसाठी.

एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप निम्म्याहूनही कमी होऊ शकते. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांपलीकडे पाहायचे, हा साधा नियम त्यावर उपयोगी पडतो. ‘ब्लू लाइट’ गाळणाऱ्या चष्म्यांवर खर्च करण्याआधी मात्र विचार करावा. कोक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये १७ चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा साध्या काचांच्या तुलनेत अशा काचांनी डोळ्यांचा ताण कमी होत असल्याचे दिसले नाही.

बटण आणि चित्र यांच्यातला उशीर

टीव्ही आलेले चित्र जसेच्या तसे दाखवत नाही. तो आधी रंग खुलवतो, कडा धारदार करतो, हालचाल गुळगुळीत करतो. मालिकेत या प्रक्रियेला लागणारा वेळ जाणवत नाही. गेममध्ये मात्र बटण दाबल्यापासून चित्र हलेपर्यंत एक दशांश सेकंदाचा उशीर होऊ शकतो. डोळ्यांनी पाहून बोट हलवायला माणसाला मुळात पाव सेकंदाच्या आसपास लागतो. त्यात ही भर पडली की नेम चुकतो, खेळणारा चिडतो आणि आणखी पुढे सरकून बसतो. लॅपटॉप जोडल्यावर माउसचा बाण हाताच्या मागून रेंगाळत येतो, तोही याच कारणाने.

यावरचा उपाय म्हणजे ‘गेम मोड’. तो सुरू केल्यावर टीव्ही बरीचशी सजावट थांबवतो आणि चांगल्या टीव्हीत हा उशीर १०-२० मिलिसेकंदांवर येतो. घेताना हा मोड आहे का, हे इंचांच्या आधी विचारावे.

दुसरा प्रश्न रिफ्रेश रेटचा. साधा टीव्ही सेकंदाला ६० चित्रे दाखवतो, महागडा १२०. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरिज एक्स हे कन्सोल फोर-केमध्ये १२० चित्रे पाठवू शकतात. त्यासाठी टीव्हीचा पडदा मुळात १२० हर्ट्झचा हवा आणि एचडीएमआय २.१ हे जोडही हवे. खोक्यावर छापलेला मोठा आकडा कधी कधी फक्त ‘मोशन’ सुविधेचा असतो, म्हणून ‘पॅनेलचा मूळ रिफ्रेश रेट किती?’ असेच स्पष्ट विचारावे. पहिला निन्टेंडो स्विच तर फुल एचडी आणि ६० चित्रांच्या पुढे जातच नाही. तोच घरात असेल, तर १२० हर्ट्झसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

अक्षरांची परीक्षा

चित्रपट सुंदर दाखवणारा टीव्ही अक्षरे नीट दाखवेलच असे नाही. बरेच टीव्ही रंगांची माहिती दाबून वापरतात. चेहरे आणि डोंगर पाहताना हे कळत नाही, पण निळ्यावर लाल अक्षरे लिहिली की त्यांच्या कडा फिस्कटतात आणि वाचणाऱ्याला डोळे बारीक करावे लागतात. म्हणून दुकानात स्वतःचा लॅपटॉप जोडून पाहावा. एचडीएमआय जोडाला सेटिंगमध्ये ‘पीसी’ असे नाव दिल्यावर अनेक टीव्हींत अक्षरे स्वच्छ होतात. पडद्याच्या कडा कापल्या जात नाहीत ना, हेही तेव्हाच दिसते.

रोज सात-आठ तासांचे काम असेल, तर मात्र टीव्हीचा मोह टाळावा. टेबलावरचा पडदा ५० ते १०० सेंटिमीटरवर असावा असे मानले जाते. तेवढ्या जवळून ४३ इंची पडद्याच्या या टोकाकडून त्या टोकाकडे पाहताना मान सतत फिरत राहते. त्या कामाला २४ किंवा २७ इंची मॉनिटरच बरा. शिवाय ओएलईडी पडद्यावर संगणकाची एकाच जागी राहणारी पट्टी महिनोन्महिने दिसत राहिली, तर तिचा कायमचा डाग उमटू शकतो.

न दिसणारी लुकलुक

काही टीव्ही उजेड कमी करण्यासाठी मागचे दिवे अतिवेगाने बंद-चालू करतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण काहींना त्याने डोकेदुखी होते. याची चाचणी फुकट आहे. उजेड कमी करून पांढरा पडदा लावायचा आणि त्यापुढे पेन्सिल जोरात हलवायची. सलग धूसर पट्टा दिसला तर ठीक. पंख्याच्या पात्यांसारख्या सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या, तर दिवे लुकलुकत आहेत. अर्धशिशीचा त्रास असलेल्या घराने ही चाचणी करूनच पैसे द्यावेत.

दिसणारी लुकलुक त्याहून गंभीर ठरू शकते. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ या कार्टून मालिकेच्या एका भागात लाल-निळा प्रकाश सेकंदाला सुमारे १२ वेळा चमकला आणि ६८५ जणांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यांत बहुतेक मुले होती. प्रकाशाच्या अशा चमकांनी झटका येऊ शकणारे लोक थोडे असतात. अपस्माराच्या शंभर रुग्णांत साधारण तीन. मात्र हा धोका मुले आणि किशोरवयीन यांच्यात जास्त असतो आणि काहींना तो पहिल्या झटक्यानंतरच कळतो. अंधाऱ्या खोलीत, मोठ्या आणि प्रखर पडद्याजवळ बसून, झोप मोडून खेळल्याने तो वाढतो. म्हणून खोलीत दिवा चालू ठेवावा, उजेड बेताचा ठेवावा, अंतर राखावे. चमकांनी अस्वस्थ वाटले तर लगेच एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून नजर वळवावी. फक्त डोळे मिटून भागत नाही, कारण चमक पापण्यांतूनही आत जाते. झटका आलाच, तर डॉक्टरांना दाखवावे आणि तोवर खेळ बंद ठेवावा.

भिंतीवर कुठे?

जागा कमी म्हणून अनेक घरांत टीव्ही कपाटाच्या वर किंवा छताजवळ चढतो. मालिकेची अर्धी तास मान वर करणे निभते, पण गेमचे दोन तास निभत नाहीत. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीच्या आसपास असावा. खिडकी पडद्याच्या समोर किंवा मागे न येता बाजूला यावी. आणि घरात रांगते-चालते मूल असेल, तर टीव्ही दोन बारीक पायांवर स्टुलावर ठेवू नये. मूल धरून उभे राहायला गेले, की असा टीव्ही अंगावर येतो. तो भिंतीला पक्का बसवावा.

दुकानात जाताना खिशात तीन गोष्टी असाव्यात: सोफ्यापासून भिंतीपर्यंतचे अंतर लिहिलेली चिठ्ठी, एक पेन्सिल आणि शक्य असेल तर घरचा लॅपटॉप. विक्रेत्याला पहिले वाक्य सांगायचे, ‘गेम मोड लावून दाखवा आणि उजेड घरातल्याइतका कमी करा.’ झगमगाट उतरल्यावर जे चित्र उरेल, तेच पुढची सात-आठ वर्षे घरातल्या सगळ्यांना पाहायचे असते.