दोष पोरीचा नव्हता!

“काकू, म्या काहीच नाही केलं. थे आपोआपच येऊन रायलं.”

बारावीतली ती पोर रडकुंडीला आली होती आणि तिचे वडील दारात उभे होते. आमच्या बचत गटाच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर ती शिष्यवृत्तीचा फॉर्म भरत बसली होती. अंधार पडायच्या आत तिला न्यायला वडील आले आणि नेमकं त्याच वेळी पडद्याच्या कोपऱ्यात एका बाईचं नको तसलं चित्र उघडलं. पोरीने घाबरून ते बंद केलं, तर दुसरं उघडलं. त्या माणसाने ना फॉर्म पाहिला, ना लेकीचे दाखले. पाहिलं ते एवढंच.

“ताई, हे शिकवता काय पोट्टीले? उद्यापासून ते इकडं नाही येनार,” म्हणाले आणि तिला घेऊन निघून गेले.

मैत्रिणींनो, खरं सांगते, त्या क्षणी माझ्याही मनात पाल चुकचुकली. आजकालच्या पोरी, हातात नेट, कोण जाणे काय पाहत असतील! समाजकार्य करणारी बाई मी, पण मलाही पहिली शंका आली ती पोरीचीच. मशीनची नाही.

सेमाडोह म्हटलं की बाहेरच्यांना आठवते ती सिपना नदी, सागाचं जंगल आणि व्याघ्र प्रकल्पाची सफारी. परतवाड्याहून घटांग मागे टाकून येणारे पर्यटक दोन दिवस राहून परत जातात. आम्ही मात्र इथलेच. आमच्या ह्यांच्या नोकरीमुळे मी इथे आले, हाताशी बी.ए.ची पदवी आणि भरपूर वेळ होता, म्हणून बचत गटाच्या कामात पडले. दोन वर्षांपूर्वी अमरावतीच्या एका नातेवाइकांनी जुना कॉम्प्युटर दिला. नेट मोबाइलवरचं, रेंज आली तर आली! पण तेवढ्यावरही पोरींचे फॉर्म भरले जाऊ लागले. एका फॉर्मसाठी धारणीला किंवा परतवाड्याला जायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि सोबत येणाऱ्या बापाची एक दिवसाची मजुरी बुडते. म्हणून त्या खोलीचं मोल मोठं.

इथून धारणीच्या वाटेवर हरिसाल लागतं. २०१६ मध्ये राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट कंपनीने मिळून ‘डिजिटल गाव’ म्हणून त्याचा गाजावाजा केला, तेव्हा सगळ्या पेपरांत त्याचे फोटो आले होते. नेट असं मेळघाटातही पोचलं. पण घरात सामान आणलं की केरसुणीही आणावी लागते, हे आपल्याला कोणी सांगितलं नाही.

त्या रात्री अमरावतीला शिकणाऱ्या माझ्या मुलाला फोन लावला. सगळं ऐकून तो शांतपणे म्हणाला, “आई, अलीकडे त्या मशीनवर नवीन काय टाकलं? आणि कोणी टाकलं?”

मी आठवू लागले आणि पायाखालची जमीनच सरकली. टाकलं होतं मीच!

झालं असं होतं की, एका मुलीच्या जातीच्या दाखल्याची फाइल मोठी होती आणि ठरावीक आकारापेक्षा मोठी फाइल फॉर्ममध्ये चढत नाही. म्हणून मी फाइल लहान करणारा फुकटचा प्रोग्राम नेटवर शोधला. समोर भलंमोठं हिरवं ‘डाउनलोड’चं बटण आलं, ते दाबलं. पुढे ‘नेक्स्ट, नेक्स्ट, आय अॅग्री’ करत गेले. वाचलं काहीच नाही. मुलगा म्हणाला, ते हिरवं बटण म्हणजे मुळात जाहिरातच असणार. त्या प्रोग्रामसोबत आणखी दोन पाहुणे आत शिरले होते. किराणा दुकानात एकावर एक फुकट मिळतं ना, तसंच. फरक इतकाच की, इथे फुकट आलेली वस्तू तुमच्या घराच्या किल्ल्या मागते.

हे पाहुणे करतात काय? तुम्ही शोधायला जाता ‘शिष्यवृत्ती’ आणि ब्राउझर तुम्हाला भलत्याच पानावर नेऊन सोडतो. उघडायचं पान मनाने बदलतो. जागोजागी जाहिरातींच्या खिडक्या उघडतात. त्यातली प्रत्येक जाहिरात दिसली किंवा दाबली गेली की कोणाला तरी दोन पैसे मिळतात. बऱ्या कंपन्या असल्या चोरवाटेने जाहिरात देत नाहीत. मग उरतात त्या जुगाराच्या, झटपट कर्जाच्या आणि घाणेरड्या चित्रांच्या जाहिराती. समोर शाळकरी पोर बसली आहे की म्हातारा, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं.

हे फक्त आमच्याकडेच घडलं असं नाही. २०१७ मध्ये ‘फायरबॉल’ नावाच्या अशाच एका उपद्रवाची बातमी आली होती. चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीच्या अंदाजानुसार जगभरातल्या २५ कोटी कॉम्प्युटरमध्ये तो शिरला होता आणि त्यातले अडीच कोटींहून जास्त भारतात होते. मायक्रोसॉफ्टने नंतर हा आकडा फुगवलेला असल्याचं सांगितलं. पण शिरण्याची रीत तीच, फुकटच्या प्रोग्रामच्या पाठीवर बसून.

या खिडक्यांच्या जन्माची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेत ट्रायपॉड नावाच्या कंपनीत ईथन झुकरमन काम करत होते. एका मोटार कंपनीची जाहिरात अश्लील मजकुराच्या पानावर झळकली आणि कंपनी घाबरली. जाहिरातीचा त्या पानाशी संबंध दिसू नये, म्हणून ती वेगळ्या खिडकीत उघडायची युक्ती झुकरमन यांनी काढली. पुढे २०१४ मध्ये त्यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली. म्हणजे बघा, एका कंपनीचं नाव खराब होऊ नये म्हणून निघालेली ही खिडकी आमच्या गावात एका पोरीचं नाव खराब करून गेली.

दुसऱ्या दिवशी रेंज मिळताच मुलाला फोनवर धरून मी सफाईला बसले. मी काही यातली जाणकार नाही, एमएस-सीआयटी केलेली साधी बाई. मला जमलं तर तुम्हालाही जमेल, म्हणून क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट, उघडलेल्या खिडकीतल्या कोणत्याही बटणाला हात लावायचा नाही. त्यातली ‘बंद करा’ची फुलीसुद्धा खोटी असू शकते. कंट्रोल आणि डब्ल्यू ही बटणं एकत्र दाबून ते पान बंद करावं. ऐकतच नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि ब्राउझरच बंद करावा. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा’ अशी किंचाळणारी खिडकी आली तर फोन मुळीच करू नका. अशाच ‘टेक सपोर्ट’च्या बहाण्याने लोकांना लुबाडणाऱ्यांवर ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने देशभर छापे घातले होते.

दुसरी गोष्ट, कंट्रोल पॅनेलमधल्या प्रोग्रामच्या यादीत जाऊन ती तारखेनुसार लावावी. आमच्या यादीत मी टाकलेल्या प्रोग्रामच्याच तारखेला आणखी दोन अनोळखी नावं होती. तिन्ही ‘अनइन्स्टॉल’ केली. कोणतं नाव कशाचं, हे कळत नसेल तर मात्र विचारल्याशिवाय काढू नका.

तिसरी गोष्ट, ब्राउझरची झडती. आमच्याकडे क्रोम आहे. वरच्या तीन टिंबांवर जाऊन ‘एक्स्टेंशन्स’ पाहिली, तर कूपन देणारं एक भलतंच शेपूट चिकटलेलं. ते काढलं. मग सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, तिथून ‘साइट सेटिंग्ज’ आणि मग ‘नोटिफिकेशन्स’. हा भाग नक्की बघा, कारण कोपऱ्यात येणारी चित्रं बरेचदा इथूनच येतात. एखादं पान म्हणतं, ‘पुढे जायला अलाउ दाबा’, आपण दाबतो आणि त्याला कायमचा परवाना मिळतो. आमच्या यादीत अशी नऊ नावं निघाली. सगळी काढली. तिथेच ‘पॉप-अप्स अँड रीडायरेक्ट्स’ला परवानगी नाही, हेही पक्कं केलं. मोबाइलवरच्या क्रोममध्येही हीच यादी असते.

चौथी गोष्ट, सेटिंग्जमध्येच ‘रीसेट’ करून सगळं मूळ पदावर आणावं. त्याने बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड जात नाहीत, बिघडवलेलं पहिलं पान आणि शोधयंत्र तेवढं जागेवर येतं. जुन्या लेखांत क्रोमच्या क्लीनअप टूलचा उल्लेख सापडेल, पण ते २०२३ मध्ये बंद झालं आहे. ते शोधत बसू नका, त्याच्या नावाखाली भलतंच काही पदरात पडायचं.

पाचवी गोष्ट, शेवटचा केर. विंडोजमध्येच असलेल्या सिक्युरिटीने ‘फुल स्कॅन’ केलं. मग मालवेअरबाइट्स कंपनीचं अॅडडब्ल्यूक्लीनर हे मोफत साधन तिच्या स्वतःच्याच साइटवरून घेऊन चालवलं. केंद्र सरकारनेही फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केलं. त्याच्या साइटवरही सफाईची साधनं मोफत मिळतात. शेवटी, दुसऱ्या चांगल्या फोनवरून ईमेलचा पासवर्ड बदलला. कुठे पैसे गेले असतील, तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

एवढं करूनही तीच पानं परत येत असतील तर फायली पेनड्राइव्हवर उतरवून मशीन जाणकाराकडे न्या. विंडोज फार जुनं असेल तर तेही सांगा. विंडोज ७ च्या सुरक्षा-दुरुस्त्या जानेवारी २०२० मध्ये थांबल्या आणि विंडोज १० ला नेहमी मिळणाऱ्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाल्या.

सगळी सफाई व्हायला संध्याकाळ झाली, कारण मधे दोनदा रेंज गेली आणि एकदा वीज. खरं अवघड काम पुढेच होतं.

मी त्या पोरीच्या घरी गेले. वडील ओसरीवर होते, आई चुलीपाशी. मी सरळ सांगितलं, “भाऊ, चूक तुमच्या लेकीची नाही, माझी आहे. मीच वाचल्याशिवाय बटण दाबलं होतं.” बराच वेळ कोणी बोललं नाही. मग आतून तिची आईच म्हणाली, “पोरगी दोन दिसापासून जेवली नाही, ताई.” मला कसंतरीच झालं. पोरीने खरं सांगितलं होतं आणि आम्ही तिघंही मोठी माणसं ते ऐकायला तयार नव्हतो.

दुसऱ्या दिवशी पोर आली, सोबत तिची आईही आली. आई तिच्या शेजारी स्टुलावर बसून पडद्याकडे टक लावून पाहत होती. एकही खिडकी उघडली नाही. फॉर्म गेला, पावती निघाली. ती पावती आईने लुगड्याच्या पदराला बांधून नेली.

पण सगळंच गोड झालं असं नाही. ही गोष्ट तोवर गावात पसरली होती. आणखी एक मुलगी यायची, तिला घरच्यांनी पाठवणं बंद केलं. दोनदा जाऊन आले. ‘बघू’ म्हणतात. तिचा फॉर्म त्या वर्षी राहूनच गेला.

आता खोलीत मी दोन बदल केलेत. पोरींसाठी विंडोजचं वेगळं साधं खातं उघडलंय. त्यात कोणी नवीन प्रोग्राम टाकायला गेलं की पासवर्ड मागतं आणि तो पासवर्ड माझ्याकडे असतो. म्हणजे चुकून बटण दाबलं तरी पाहुणा दारातच अडतो. आणि दाखले मोठ्या आकारात स्कॅन करून मग लहान करत बसण्यापेक्षा स्कॅन करतानाच आकार कमी ठेवतो. फुकटच्या प्रोग्रामची गरजच संपली.

मैत्रिणींनो, तुमच्या घरीही मुलीच्या पडद्यावर कधी असं काही दिसेल. तेव्हा आवाज चढवण्याआधी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसा. “काय झालं गं?” एवढंच विचारा आणि दोघी मिळून ती यादी उघडा. मशीनमधली घाण तासाभरात निघते. पण न केलेल्या चुकीचा ठपका एकदा पोरीवर बसला की तो पुसायला किती दिवस लागतात, ते मी सेमाडोहमध्ये अजून पाहतेच आहे.