चिंध्यांचं चंदीगड

चंदीगडमध्ये कापडाची दोन मोठी कामं पाहण्यासारखी आहेत. पहिलं उच्च न्यायालयात आहे. ल कॉर्बुझिए यांनी ती इमारत उघड्या काँक्रीटमध्ये उभी केली आणि दालनांत आवाज घुमू नये, भिंतींनाही रंग यावा, म्हणून न्यायाधीशांच्या आसनामागे लोकरी भिंतपडदे योजले. नऊ दालनांना नऊ पडदे. त्यांतले आठ प्रत्येकी ६४ चौरस मीटरचे, तर मुख्य न्यायाधीशांच्या दालनातला १४४ चौरस मीटरचा. चित्र, माप आणि रंग कागदावर आधी ठरले, मग काश्मीरच्या विणकरांनी त्याबरहुकूम लोकर विणली.

दुसरं काम तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, रॉक गार्डनमध्ये आहे. फुटक्या बांगड्या, कपबशा, वॉशबेसिनचे तुकडे आणि विजेची मोडकी बटणं यांपासून केलेल्या मूर्ती पाहून पर्यटक थकतात आणि बाहुल्यांच्या दालनापर्यंत पोचेतो त्यांची घाई सुरू झालेली असते. तिथे नेकचंद यांनी जुन्यापान्या कापडातून केलेली माणसं आहेत. आत लोखंडी सांगाडा, त्यावर गुंडाळून भरलेलं जुनं कापड, वर पंजाबच्या खेड्यातला वेश. टाकून दिलेले कपडे आणि शिंप्याकडच्या चिंध्या हाच कच्चा माल. इथे कागदावर काहीच ठरलेलं नव्हतं. जो तुकडा हाती आला, त्यावरून ओढणी लाल होणार की पिवळी हे ठरलं.

शिवणकामाचे हे दोन वेगळे मार्ग आहेत. पहिल्यात आराखड्यासाठी कापड शोधायचं, दुसऱ्यात कापड पाहून आराखडा करायचा. घरी हौसेने जुन्या कापडाचं शिवणाऱ्या बायका, आणि अलीकडे थोडे पुरुषही, दुसऱ्या मार्गाचे. त्यांचा आनंद काटकसरीतून येतो असं आपण समजतो, पण काटकसर हे फार तर निमित्त. हाती असलेलं कापड आणि समोर असलेलं माणूस यांचा मेळ घालण्यातच त्यांना खरी मजा येते.

एका रस्ते निरीक्षकाचा उद्योग

नेकचंद सैनी यांचा जन्म १९२४चा. त्यांचं गाव शकरगढ भागातलं. फाळणीत ते पाकिस्तानात गेलं आणि कुटुंब निर्वासित होऊन भारतात आलं. चंदीगड बांधलं जात असताना नेकचंद सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक होते. नव्या शहरासाठी जुनी खेडी उठवली गेली. त्या घरांचा राडारोडा ते १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून नोकरीनंतरच्या वेळात सायकलवरून सुखना तलावाजवळच्या सरकारी जंगलात नेत आणि गुपचूप आपली सृष्टी उभी करत. बरीच वर्षं हे कोणाला कळलं नाही. कळलं तेव्हा कायद्याप्रमाणे ते अतिक्रमण होतं, पण लोकांचा कौल त्यांच्या बाजूने गेला आणि १९७६मध्ये बाग सर्वांसाठी खुली झाली. १९८४मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१५मध्ये ते गेले.

त्यांच्या कापडी बाहुल्यांमागे पंजाबातल्या प्रत्येक घराला ठाऊक असलेला एक खेळ आहे: गुड्डियाँ-पटोले. मुलींनी घरातल्या रंगीत चिंध्या जमवायच्या, त्यांच्या बाहुल्या करायच्या, त्यांना कपडे शिवायचे आणि त्यांची लग्नं लावायची. आपल्याकडे भातुकलीत चिंध्यांच्या बाहुलीचं हेच स्थान होतं. तिच्या परकराला दुमड घालताना सात-आठ वर्षांच्या पोरीला पहिल्यांदा सुई टोचायची आणि शिवणाचा पहिला धडा तिथेच व्हायचा. नेकचंदांनी हा परकरी पोरींचा खेळ मोठा केला आणि सरकारी बागेत नेऊन बसवला.

कापड येतं कुठून

जुन्या कापडाच्या बाबतीत चंदीगडची जागा मोठी सोयीची आहे. पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर लुधियाना. तिथे होजिअरीचे कारखाने आहेत आणि शिवणयंत्रंही तिथेच बनतात. दक्षिणेला दिल्लीच्या वाटेवर पानिपत लागतं. आपल्याला पानिपत १७६१मुळे आठवतं, पण कापडाच्या जगात ते जुन्या लोकरी कपड्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं. परदेशातून आलेले टाकाऊ स्वेटर आणि कोट तिथे फोडले जातात. बटणं आणि चेन कापून वेगळी काढतात, मग रंगांप्रमाणे ढीग लावतात. लाल ढिगातून लाल सूत निघतं, म्हणून नव्याने रंगवण्याची गरज फारशी पडत नाही. ते सूत आखूड धाग्यांचं आणि खरखरीत असतं. त्याची स्वस्त घोंगडी पूर-भूकंपानंतरच्या मदतीच्या गाड्यांतून वर्षानुवर्षं जात आली.

शहरातल्या हौशी शिवणारणीला मात्र इतकं लांब जावं लागत नाही. शिंप्याकडे रोज कतरन साठते. ब्लाउजच्या बाहीतून उरलेलं सिल्क, सलवारीच्या पायातून निघालेली तिरकी पट्टी, अस्तराचे कोपरे असं काहीबाही त्यात असतं. ठाणाच्या शेवटी उरलेले कटपीस बाजारात मिळतात. आणि सगळ्यात मोठी खाण म्हणजे घरातलं कपाट. महाराष्ट्रात एके काळी या कपाटावर बोहारणीचा डोळा असायचा. चार साड्या आणि दोन पँटी देऊन पातेलं घ्यायचं आणि तिने पाचवी साडी मागितली की घासाघीस करायची. बोहारीण दारावरून गेली ती बहुतेक ठिकाणी परतलीच नाही, आणि जुने कपडे कपाटातच राहिले.

बदल्या होणाऱ्या घरांचा साठा तर औरच असतो. चंदीगडला लागून चंडीमंदिरला लष्कराच्या पश्चिम विभागाचं मुख्यालय आहे, शहरात हवाई दलाचा तळ आहे, आणि त्यांच्यासोबत येणारी मराठी कुटुंबंही आहेत. एका क्वार्टरच्या खिडक्यांचे पडदे पुढच्या क्वार्टरला कधीच बसत नाहीत. त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी मजबूत, घट्ट विणीचं, फक्त एका बाजूने उन्हाने विटलेलं कापड घरात उरतं. पिशव्या, खुर्च्यांच्या गाद्यांची आवरणं आणि एप्रन यांना याहून चांगलं कापड नाही.

कापडाची परीक्षा

जुन्या कापडाचा मोठा गुण म्हणजे त्याचं काय व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. आटायचं तेवढं आटलेलं, रंग जायचा तेवढा गेलेला, खळ निघून गेलेली. पन्नास वेळा धुतलेल्या सुती साडीचं झबलं बाळाच्या अंगाला जितकं मऊ लागतं, तितकं नवं कापड लागत नाही. म्हणून तर आपल्या आज्या दुपटी आणि लंगोट जुन्या धोतर-लुगड्यांचेच करायच्या.

पण प्रत्येक कापड दुसऱ्या जन्माला लायक नसतं. ते आधी उजेडासमोर धरावं. धागे विरळ झालेले असतील, तर तेवढा भाग कात्रीला द्यावा. मग दोन्ही हातांनी उभं-आडवं ताणून पाहावं. टर्रकन आवाज आला, तर ते पुसण्याच्या फडक्यांत घालावं. चादर मध्ये झिजते आणि कडांना धड राहते. पँट बसायच्या जागी आणि गुडघ्यावर जाते, पोटऱ्यांवर नवीसारखी असते. साडी निऱ्यांच्या खाली आणि फॉल लावलेल्या कडेला आधी विरते, पदर बहुधा शाबूत असतो. हे नकाशे डोक्यात बसले की जुना कपडा हातात घेताच आतलं चांगलं कापड दिसू लागतं.

त्यानंतर उसवायचं. घाई असणारे शिवण सोडून शेजारून कापतात आणि दोन बोटं कापड गमावतात. उसवताना आधीच्या शिंप्याने ठेवलेली माया दिसते, त्याने कुठे ताणून बसवलं, कुठे चुकलं तेही दिसतं. पुरुषाचा शर्ट उसवला की तयार बटणपट्टी मिळते. ती मध्ये ठेवून चारही बाजूंनी टीप मारली की उशीचा अभ्रा तयार. काजं करावी लागत नाहीत, बटणंही लावावी लागत नाहीत, आणि नातवाला आजोबांच्या चौकड्यांवर डोकं टेकून झोपता येतं. साडीचे काठ बाळाच्या कुंचीला लागतात. जीन्सचे पाय बाजाराच्या पिशवीला पुरतात, तिचे मागचे खिसे तसेच पिशवीवर चढतात. दुपट्ट्याची उरेब पट्टी काढली की गोल गळ्याला गोट मिळतो.

उरलेल्या तुकड्यांची गोधडी होते. जुनी लुगडी एकावर एक पसरायची, वर ठिगळांची मांडणी करायची आणि कडेकडेने धावदोरा घालत आत यायचं. उत्तर भारतातल्या जानेवारीला ती एकटी पुरत नाही. तिथे कापूस भरलेली रजई लागते. पण दिवाळीच्या सुमाराला आणि होळीनंतरच्या पहाटेला, रजई जड आणि चादर अपुरी वाटते तेव्हा, अंगावर गोधडीच हवी.

तुटवड्यातून रूप घडतं हे इतरांनीही अनुभवलं आहे. ब्रिटनमध्ये १९४१ साली कपड्यांवर रेशन आलं, ते १९४९पर्यंत टिकलं. त्या काळात सरकारने १९४३मध्ये जुने कपडे कसे उलटवावेत, रफू कसं करावं हे सांगणारी पुस्तिका काढली. अमेरिकेत अलाबामातल्या गीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतावरच्या फाटक्या कपड्यांतून गोधड्या केल्या. काहींत खिसा काढल्यावर उरलेला गडद निळा चौकोनही तसाच ठेवलेला दिसतो. घरात पांघरायला केलेल्या त्या गोधड्या २००२मध्ये मोठ्या कला संग्रहालयांत टांगल्या गेल्या आणि समीक्षकांनी त्यांना आधुनिक चित्रकलेच्या रांगेत बसवलं.

मशीनचं बळ

या कामाला महागडं कॉम्प्युटर मशीन लागत नाही. जाड थरांना जुनं काळं, सरळ टीप मारणारं पायमशीनच बरं. जीन्सला १६ नंबरची सुई घालावी, रोजच्या सुतीला १४ आणि मलमलीला ११. जुन्या कापडात मोडकी सुई लपलेली नाही ना, हे आधी हात फिरवून पाहावं. आठवड्याला दोन थेंब तेल घालावं आणि शटलखालचा कापसाचा बुरा झाडावा. जुनं कापड बुरा जास्त सोडतं. एवढी निगा राखली तर मशीन दोन पिढ्या टिकतं.

आयझॅक सिंगर यांनी १८५१मध्ये आपल्या शिवणयंत्राचं पेटंट घेतलं. यंत्रांचे कडक टीकाकार असलेल्या गांधीजींनी १९२४मध्ये एका तरुणाच्या प्रश्नाला उत्तर देताना या एका यंत्राला सूट दिली. पत्नीचे शिवणकामातले कष्ट पाहून, तिच्यावरच्या प्रेमापोटी सिंगरने ते केलं, असं त्यांचं म्हणणं होतं. सिंगर पक्के धंदेवाले होते आणि त्यांचा संसार काही आदर्श नव्हता. तरी गांधीजींचा मुद्दा खोटा पडत नाही. कारखान्याबाहेर, घराच्या कोपऱ्यात शिवणयंत्र चालतं ते बहुधा घरातल्या कोणासाठी तरीच.

द्यायचं ते कसं

घरचे तृप्त झाले तरी शिवणारीचा हात थांबत नाही, आणि मग दानाचा विषय निघतो. इथे सावध राहायला हवं. २००४च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेले निरुपयोगी कपडे रस्त्याकडेला ढिगांनी पडले होते. १९९९मध्ये अंशू गुप्ता यांनी दिल्लीत सुरू केलेल्या ‘गूंज’ या संस्थेने अशा कपड्यांच्या वर्गवारीचं काम अंगावर घेतलं. शहराने टाकलेला कपडा दान म्हणून न वाटता गावकऱ्यांच्या श्रमाचा मोबदला म्हणून देण्याची पद्धत तिने रुजवली. गावाने विहीर उपसावी, रस्ता करावा आणि कपडे मानाने घ्यावेत. जुन्या सुती कापडापासून स्वच्छ सॅनिटरी पॅडही तिने करून दिले. गुप्ता यांना २०१५मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गूंजचं काम हौशी शिवणारीला एक शहाणपण शिकवतं: घेणाऱ्याला काय हवं, हे कपाट आवरणाऱ्याने ठरवू नये.

चंदीगडला या शहाणपणाचा शेजार आहे. १९६२मध्ये सुरू झालेल्या पीजीआय रुग्णालयात पंजाब, हरियाणा आणि हिमाचलमधून रुग्ण येतात आणि त्यांचे नातेवाईक आवारात दिवस काढतात. त्यांच्यासाठी जगदीशलाल आहुजा यांनी वर्षानुवर्षं बाहेर लंगर चालवला. लोक त्यांना ‘लंगर बाबा’ म्हणत. त्यांना २०२०मध्ये पद्मश्री जाहीर झाली. ताटातलं अन्न गरम आणि ताजं असावं असा आग्रह लंगरात असतो. शिवलेल्या वस्तूलाही तोच लावावा. बाळंतविडा द्यायचा तर झबलं, टोपडं, दुपटं आणि लंगोट उकळत्या पाण्यातून काढून, उन्हात वाळवून, इस्त्री करून द्यावेत. तान्ह्या बाळाच्या कपड्याला बटण लावू नये, बंद लावावेत. शिवण बाहेरच्या बाजूला ठेवावी, म्हणजे ती अंगाला टोचत नाही. खेळण्यातल्या बाहुलीचे डोळे मण्यांचे नकोत, दोऱ्याने भरावेत. पिशवी पाच किलो पिठाचं वजन घेते का, हे आपणच आधी उचलून पाहावं.

आणि शिवायला बसण्याआधी विचारावं. जवळच्या रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात, पाळणाघरात, वृद्धाश्रमात किंवा अंगणवाडीत एक फोन करावा. त्यांना पन्नास झबली नको असतील, कदाचित अंथरुणाला खिळलेल्या आजीसाठी पुढून उघडणारे चार गाऊन हवे असतील. मग त्याच मापाचं कापड कपाटात शोधावं. घरच्या माणसाला घालायला जे आपण कचरू, ते दुसऱ्याला देऊ नये, एवढा एक नियम पाळला की बाकीचं सुई शिकवते. या रविवारी कपाट उघडा, एक जुना शर्ट काढा, उजेडासमोर धरा आणि उसवायला घ्या. पहिला अभ्रा घरात ठेवा, दुसरा द्या.