किल्ली हातात, दार बंद!

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री दहाचा सुमार. आमच्या बचत गटातल्या मावशी धावत आल्या, सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. यजमान परगावी. म्हटलं, आपणच नेऊ. पण रिमोट दाबते तर गाडीचं दार ढिम्म! पाच-सहा वेळा दाबला. सून पोट धरून उभी, वरून पाऊस. मला घाम फुटला. तेव्हा मावशीच म्हणाल्या, "अहो ताई, किल्ली घाला की कुलपात!" रिमोटच्या सवयीने किल्लीनेही दार उघडतं, हेच मी विसरले होते!

वाटेत दवाखान्यात कळवावं, तर मोबाइलची बॅटरी संपलेली. गाडीतल्या सॉकेटला चार्जर लावला, तर तोही मुका. देवाच्या दयेने वेळेत पोचलो. पहाटे मुलगी झाली, दोघी सुखरूप. पण माझ्या मनाची चुटपुट जाईना. रिमोट महिनाभर अगदी जवळून दाबल्यावरच चालत होता, सॉकेटही बंद होतं. 'गाडीतलं आपल्याला काय कळतं' म्हणून मीच टाळलं होतं.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये म्हणाले, "मॅडम, सगळी लॉक सिस्टीम बदलावी लागेल." खर्च ऐकून परत फिरले आणि एका जुन्या वायरमनकाकांकडे गेले. त्यांनी माझ्यासमोर दहा मिनिटांत दोन्ही कामं केली.

रिमोटमधला ३ व्होल्टचा चपटा सेल संपला होता. सेलवर सीआर २०३२ असा नंबर असतो; त्याच नंबरचा आणायचा, अधिक-उणे बघून बसवायचा. तरीही चाललं नाही, तर काही गाड्यांत रिमोट पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. एकच दार अडत असेल, तर त्या दाराची वायर तुटलेली किंवा मोटर गेलेली असू शकते. ते काम वायरमनचं.

सॉकेटमध्ये एक नाणं पडलं होतं, त्याने फ्यूज उडाला होता. फ्यूजची पेटी बहुधा स्टिअरिंगखाली असते आणि कोणता फ्यूज कशाचा, ते झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. गाडी बंद करून फ्यूज ओढायचा. आतली तार तुटली असेल, तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घालायचा, १५ च्या जागी १५ च. मोठा फ्यूज किंवा नुसती तार कधीही घालू नका, वायर तापून आग लागते. नवाही उडाला, तर वायरमनला दाखवा.

आणि मैत्रिणींनो, जुना सेल पोरांच्या हाती लागू देऊ नका. गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. तसं झालं, तर लक्षणांची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा.

परवा मावशी नातीला घेऊन आल्या. हसत म्हणाल्या, "ताई, आता उघडतंय ना दार?" मी लांबूनच रिमोट दाबला. 'टक्' आवाज झाला आणि ती चिमुरडी खुदकन हसली.