गिऱ्हाईक कोणता शब्द टाकतं? मालाच्या ऑनलाइन विक्रीसाठी नेमके शब्द कसे शोधायचे



आपल्या बऱ्याच गटांचा माल आता प्रदर्शनातल्या स्टॉलसोबत मोबाइलवरही दिसतो. कुणी उमेदमार्टवर टाकलाय, कुणी संघाच्या वेबसाइटवर. फोटो चांगला, पॅकिंग चांगलं, तरी ऑर्डर येत नाही. अशा वेळी आधी एक गोष्ट तपासा. मालाचं नाव आपण आपल्या शब्दात लिहिलंय की गिऱ्हाइकाच्या?

स्टॉलवर गिऱ्हाईक बोट दाखवून वस्तू मागतं. मोबाइलवर मात्र त्याला शब्द टाकावा लागतो. तो शब्द आपल्या पानावर नसेल, तर घरात पोतं भरून माल असला तरी त्याला आपण सापडणं अवघड. या शब्दांना ‘कीवर्ड’ म्हणतात. ते शोधायला मोठ्या कंपन्या पैसे देऊन सॉफ्टवेअर घेतात. आपल्याला वही, पेन आणि मोबाइल पुरतो.

एकच वस्तू, नावं वेगळी

आपण म्हणतो हुलगे, कोकणातली बाई म्हणते कुळीथ, हिंदी बोलणारं गिऱ्हाईक म्हणतं कुलथी. आपण जवस म्हणतो, कुणी अळशी म्हणतं. आपला खवा दुसऱ्यासाठी मावा किंवा खोया असतो. शिवाय बरेच जण हेच शब्द इंग्रजी अक्षरांत टाकतात, तेही प्रत्येकाच्या स्पेलिंगने.

जिल्ह्याच्या नावाचंही तसंच. २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं, पण बाहेरच्या अनेकांच्या तोंडी अजून उस्मानाबादच आहे. शेळीची जात तर ‘उस्मानाबादी’ म्हणूनच ओळखली जाते. म्हणून पत्त्यात ‘धाराशिव (उस्मानाबाद)’ असं दोन्ही लिहा.

शब्द शोधायच्या चार जागा

१. गिऱ्हाइकाचं तोंड. स्टॉलवर, फोनवर, व्हॉट्सॲपवर लोक काय विचारतात ते जसंच्या तसं वहीत लिहा. “कुळथाचं पीठ आहे का?” असं कुणी विचारलं, तर ‘हुलगा पीठ’ असं सुधारून लिहू नका. ‘कुळथाचं पीठ’ हाच आपल्या कामाचा शब्द.

२. गूगलचा रकाना. ‘कुळीथ पीठ’ टाइप करा आणि शोधाचं बटण न दाबता थांबा. खाली आपोआप ओळी येतात. लोक खरोखर जे शोधतात त्यावरूनच त्या येतात. मग एक जागा सोडून ‘क’, ‘भ’, ‘घ’ अशी अक्षरं टाकून पाहा, नव्या ओळी दिसतील. आपण आधी काय शोधलं यावरूनही ओळी बदलतात, म्हणून गुप्त खिडकीत, म्हणजे ‘इन्कॉग्निटो’मध्ये, पाहिलेलं बरं.

३. निकालाचं पान. बटण दाबल्यावर मध्ये बऱ्याचदा लोकांचे प्रश्न दिसतात आणि अगदी तळाशी मिळतेजुळते शोध येतात. तेही उतरवा.

४. यूट्यूब आणि खरेदीची ॲप. तिथल्या शोधाच्या रकान्यातही असंच करा. टाइप करायला अवघड जात असेल तर माइकचं बटण दाबून बोला.

वहीतून निवड कशी करायची?

‘शेंगदाणा चटणी रेसिपी’ शोधणाऱ्या बाईला चटणी घरी करायची आहे, विकत घ्यायची नाही. ‘शेंगदाणा चटणी किंमत’, ‘अर्धा किलो’, ‘ऑनलाइन’, ‘घरपोच’ असं टाकणारी बाई पिशवी घेऊन निघालेली आहे. तिचे शब्द आधी घ्या.

नुसता ‘चटणी’ हा शब्द फार मोठा. तो टाकून पाहा. पहिल्या पानावर मोठमोठ्या कंपन्याच असतील, तर आपण तिथं पोहोचणं कठीण. मग शब्द बारीक करा. कशाची, कशी केलेली, कुठली, किती वजनाची, ते जोडा.

शब्द कुठं लिहायचे?

‘गटाचं नाव – पीठ’ एवढंच लिहिलं तर कुणाला कळणार? त्याऐवजी असं लिहा: ‘हुलगा (कुळीथ) पीठ, ५०० ग्रॅम, धाराशिव (उस्मानाबाद)’. गटाचं नाव खाली येऊ द्या. माहितीच्या पहिल्या वाक्यात तेच शब्द साध्या बोलीत घ्या: ‘शेंगोळे आणि पिठल्यासाठी भाजून दळलेलं हुलग्याचं म्हणजेच कुळथाचं पीठ.’ फोटो चढवताना त्याला नाव देता येत असेल, तर तिथंही हेच. मात्र एकच शब्द दहादा कोंबू नका. वाचणारी कंटाळते, आणि गूगललाही ते चालत नाही.

खरं असेल तेच लिहा

शब्द चालतो म्हणून काहीही लिहायचं नाही. तेल लाकडी घाण्याचं नसेल तर ‘लाकडी घाणा’ लिहू नका. ‘मधुमेह बरा होतो’ असा दावा खाण्याच्या मालावर करणं कायद्यात बसत नाही. कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, म्हणून ते नाव दुसरीकडच्या खव्याला लावता येत नाही. तिथलाच खवा असेल, तरी मानांकनाचं चिन्ह वापरण्याआधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. चुकीच्या शब्दाने आलेलं गिऱ्हाईक एकदाच येतं, आणि जाताना सगळ्या गटाचं नाव खराब करून जातं.

पुढच्या बैठकीत एवढं करा

एक वस्तू निवडा. प्रत्येकीने त्या वस्तूची माहेरची, सासरची आणि बाजारातली नावं सांगावीत. एकीने वहीत लिहावं, मोबाइल चांगला हाताळणाऱ्या ताईने ती गूगलवर टाकून पाहावीत. त्यातले पाच शब्द निवडून पानावरचं नाव बदला. मग महिनाभर प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारा: “ताई, काय टाकल्यावर आमचा माल दिसला?” जे उत्तर येईल, ते वहीतला पुढचा शब्द.